एकोणचाळीस सालचा फाया

कुरुंदवाडच्या रामभाऊबुवा हरदासांच्या घरात दोन नियम होते. देवाला वाहायचं फूल आधी हुंगायचं नाही, हा पहिला. हरिदासाच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब यायचा नाही, हा दुसरा. पहिला मोडला की परत अंघोळ करून परड्यात फुलं तोडायला जावं लागे. दुसरा मोडायची वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळे त्याची शिक्षाही ठरलेली नव्हती.

ताज्या फुलाला बंदी होती, पण निर्माल्याला मुभा होती. देवावरून उतरलेलं फूल हुंगून मगच बाजूला ठेवायचं, अशी रीतच आहे. बुवांची एकुलती एक मुलगी पद्मिनी पाच वर्षांची झाली तेव्हापासून सकाळी निर्माल्य उतरवायचं काम तिचं. बुवा तिचे डोळे आपल्या तळव्याने झाकत आणि एकेक शिळं फूल तिच्या नाकाशी धरत.

"सांग."

"जाई."

"कशावरून?"

"काहीच राहिलं नाही म्हणून."

बुवा खूश होऊन हसत. जाई संध्याकाळपर्यंतच. मोगरा दुसऱ्या दिवशी आंबतो. तगरीला कालही वास नव्हता, आजही नाही, तिचं आपलं बरं आहे. आणि बकुळ? बकुळ सुकली की मग बोलायला लागते! "पमे, ताजं फूल गाढवालासुद्धा कळतं," बुवा म्हणत. "मागे काय उरलं ते कळायला नाक लागतं."

ते नाक घेऊन पद्मिनी मुंबईला रसायनशास्त्र शिकली, प्रसन्न साठ्यांशी लग्न करून कॅलिफोर्नियात आली. प्रसन्न सनीव्हेलच्या एका चिपच्या कंपनीत. निघायच्या दिवशी बुवांनी तिचा हात तुळशीवर ठेवला आणि म्हणाले, "तिकडे थंडी असते, लोक घेतात म्हणे. तू घ्यायची नाहीस." तिने शब्द दिला. शब्द देणं सोपं होतं. पुढे चौऱ्याऐंशी साली तिला नोकरी लागली तेव्हा अवघड झालं. कारण नोकरी लागली ती सॅन फ्रान्सिस्कोतल्या व्हिटलॉक पेढीत, आणि ही पेढी फ्रान्समधून जुनी, तीस-तीस चाळीस-चाळीस वर्षं मुरलेली ब्रँडी आणून विकायची!

आता हे बापाला लिहायचं कसं? पद्मिनीने दोन दिवस पेन चावलं आणि लिहिलं, 'सुगंधी द्रव्यांच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळते.' खोटं नव्हतं. पण बुवांनी वाचलं ते 'अत्तर'. आणि नारदाच्या गादीवर उभा राहणारा माणूस आनंदाची गोष्ट पोटात थोडीच ठेवणार? मिरजेपासून निपाणीपर्यंत ज्या ज्या देवळात कीर्तन झालं तिथे तिथे जाहीर झालं, की बुवांची पमी अमेरिकेत अत्तराची पारखी आहे.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात बुवा लेकीकडे आले. तिसऱ्याच रविवारी महाराष्ट्र मंडळाने एका शाळेच्या कॅफेटेरियात त्यांचं कीर्तन ठेवलं. पूर्वरंग संपला, बुक्का लागला, हार पडला, आणि उत्तररंगाला उभं राहण्याआधी बुवांनी चिपळ्या वाजवून तिथेही सांगून टाकलं. शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात प्रसन्नने.

"लाज वाटते का?" गाडीत पद्मिनी दबक्या आवाजात म्हणाली. मागच्या सीटवर बुवा घोरत होते.

"अगं यार, चूक काय बोलले ते? अत्तरच आहे. फक्त लोक पितात."

"मी सांगणार आहे त्यांना."

"तीन वर्षं हेच म्हणतेयस. त्यांचा व्हिसा संपेपर्यंत होऊन जाईल."

पेढीत पद्मिनीचं काम ठरलेलं होतं. आलेल्या नमुन्यातलं मद्यार्काचं प्रमाण मोजायचं, सरकारी कागद भरायचे. आणि एक काम न नेमलेलं. चाखणीच्या खोलीतले पातळ, निमुळत्या तोंडाचे ग्लास सफाईवाल्यांकडून फुटायचे, म्हणून ते धुवायचं तिने आपल्याकडे घेतलं होतं. चार परीक्षक दुपारी चाखून जात. सकाळी आठच्या आत पद्मिनी येई आणि सिंकवर नेण्याआधी एकेक रिकामा ग्लास नाकाशी धरी. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप वर जाई, लहानपणी जायचा तसा. तीन वर्षांत एकही थेंब जिभेवर न घेता या बाईला पेढीतली प्रत्येक ब्रँडी ओळखता यायला लागली होती. ताज्या ओतलेल्या ग्लासात नुसता भपका असतो, डोळ्यांत पाणी आणणारा. रात्र उलटली, भपका उडाला, की ग्लासाच्या बुडाशी खरं काय ते उरतं.

पण चाखणीच्या टेबलाला पाच खुर्च्या होत्या आणि माणसं चार. पाचवी खुर्ची दोन वर्षं रिकामी होती. ती आपल्याला मिळेल का, असं पद्मिनीने एकदा विचारलं होतं. पेढीचे मालक आणि मुख्य परीक्षक मिस्टर व्हिटलॉक सज्जनपणे हसले होते. "मिसेस साठे, न पोहणाऱ्याला आपण जीवरक्षक नेमतो का?"

जूनच्या एका मंगळवारी मादाम लाकाझ आल्या.

दक्षिण फ्रान्समधल्या गॅस्कनीतल्या, सदुसष्ट वर्षांच्या, काळा कोट, चपट्या चपला, हातात भाजीच्या पिशवीसारखी पिशवी आणि तिच्यात सहा सालांच्या नमुन्याच्या सहा बाटल्या. घरच्या द्राक्षांची, घरी मुरवलेली ब्रँडी. तिकडे तिला आर्मान्याक म्हणतात. सहा बाटल्यांतली एक एकोणीसशे एकोणचाळीस सालची होती. पद्मिनी मोजमाप घ्यायला बसली तेव्हा बाई तिच्या प्रयोगशाळेतच स्टुलावर बसल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या सालाची कथा सांगायला लागल्या. काय सांगायची हातोटी! पद्मिनीला वाटलं, हातात चिपळ्या तेवढ्या नाहीत.

"त्या वर्षी सप्टेंबरात लढाई लागली. पुरुष सगळे गेले. द्राक्षं कुणी तोडली? आम्ही. मी एकोणीस वर्षांची. आई, आजी, दोन आत्या. वाइन झाली. मग वाइनची ब्रँडी काढायला भट्टी यायची. आमच्याकडे भट्टी गाडीवर असते, तांब्याची, या गावातून त्या गावात ओढत नेतात. ती आली डिसेंबरात, पण लाकडं फोडायला कोण? ओलीच लाकडं घातली. सगळं शेत धुराने भरलं. डोळे पुसत दोन रात्री, दोन दिवस भट्टी चालवली. आजी म्हणाली, पुरुष परत येतील तेव्हा पितील."

"आले?"

"एक आला." बाईंनी स्टुलावर बूड सरकवलं. "मग पिंप हवं. नवं ओकचं पिंप असलं तर ब्रँडीला रंग चढतो, लवकर चढतो. पण पिंपं करणारासुद्धा लढाईवर! मग आजोबांच्या वेळचं जुनं पिंप होतं, त्यात भरली. जुनं लाकूड रंग देत नाही. चाळीस वर्षं तिथे निजली. दर वर्षी थोडी उडून जाते, आम्ही म्हणतो देवदूत पितात. एकोणऐंशी साली मी ती काचेच्या बुधल्यांत काढली. काचेत गेली की तिचं वय थांबतं. तेव्हापासून तिचं वय चाळीस. माझं नाही थांबलं."

दुपारी तीनला चाखणी झाली. पाच बाटल्या मंजूर झाल्या. एकोणचाळीसच्या ग्लासाला व्हिटलॉकनी उजेडात धरलं. फिका, गवती चहासारखा रंग. त्यांनी हुंगलं, घोट घेतला, तोंडात फिरवला, भांड्यात थुंकला.

"ही अर्ध्या शतकाची नाही. सहा-सात वर्षांची आहे."

व्हिटलॉक दुष्ट नव्हते. दहा वर्षांपूर्वी अशाच एका फिक्या बाटलीने त्यांना फसवलं होतं, पेढीचं नाव वर्तमानपत्रात आलं होतं. तेव्हापासून जुनी म्हटली की त्यांना गडद रंग लागे. पण त्यांचं पुढचं वाक्य बाईंच्या काळजात घुसलं. "मादाम, एका बाटलीवर साल खोटं असेल तर बाकीच्या पाचांवरचं मी कसं मानू? मी काहीच घेऊ शकत नाही."

बाईंचं विमान शुक्रवारी संध्याकाळी होतं. पुतण्याने सांगून ठेवलं होतं, अमेरिकेत नाही खपली तर सगळं तळघर मोठ्या व्यापाऱ्याला देऊन टाकू. तो ती दुसऱ्या ब्रँडीत ओतून मिसळून टाकेल. एकोणचाळीस साल पिंपभर पाण्यात चिमूटभर मिठासारखं नाहीसं होणार. जाताना बाईंनी पद्मिनीच्या हातात एकोणचाळीसने भरलेली बोटाएवढी एक कुपी ठेवली. "तू ऐकलंस. तुला."

बुधवारी सकाळी आठला पद्मिनीने चाखणीच्या खोलीतले ग्लास उचलले. एकोणचाळीसचा ग्लास नाकाशी नेला आणि तिथेच उभी राहिली. सतरा तास उलटले होते. ग्लास कोरडा ठणठणीत होता. आणि आतून बकुळ बोलत होती! त्यामागे अक्रोड, खारीक, वैद्यांकडच्या मडक्यातलं वर्षानुवर्षांचं जुनं तूप.

ती तशीच ग्लास घेऊन व्हिटलॉकांच्या खोलीत गेली.

"सर, ही खरी आहे. फार जुनी आहे."

"तुम्ही चाखली?"

"नाही. रिकामा ग्लास हुंगला."

"आजवर कुठली तरी चाखलीये?"

"नाही."

व्हिटलॉकनी चष्मा काढून पुसला. "विद्यापीठात कार्बनची चाचणी होते, तिला तीन महिने लागतात. बाई परवा जातायत. तीन महिने नाहीत आणि तुमची जीभ नाही. मी कशावर विश्वास ठेवू?"

ती सिंकवर गेली आणि तीन वर्षांचा राग काढावा तसे ग्लास धुतले. मात्र एकही फुटला नाही.

संध्याकाळी कॅलट्रेनने सनीव्हेलला उतरली, घरी आली. दार उघडलं बुवांनी. धोतर, सदरा, कपाळावर गंध, चेहरा प्रसन्न.

"ये पमे. तुझी चोरी पकडली आज."

पद्मिनीने पर्स खाली ठेवली.

"अगं, एवढ्या चांगल्या अत्तराची कुपी घरात आणून फोनशेजारी ठेवायची आणि बापाला सांगायचं नाही? सकाळी फोन पुसताना सापडलं. अंघोळ झाली होती, म्हटलं बघू तरी पोरीच्या कंपनीचा माल. मनगटावर लावलं, एक फाया करून कानात ठेवला आणि पूजेला बसलो."

"अण्णा..." ती सोफ्यावर बसली.

"पण तुला सांगतो," बुवांनी कानाच्या पाळीतून कापसाचा फाया काढून बोटांत धरला, "पहिल्यांदा झिणझिण्या आल्या. म्हटलं, हिणकस दिसतंय, स्पिरिट घातलंय. पण तासाभराने बघतो तर काय! सकाळी साडेसातला लावलं, आता सहा वाजले. हुंग. हे अत्तर जुनं आहे, पमे. माझ्या वयाच्या आसपासचं असेल. आणि हे कुणी घाईत केलेलं नाही. केलं तेव्हा सोसलंय कुणीतरी. थोडा धूर आहे बघ तळाशी."

स्वयंपाकघरातून प्रसन्न डोकावला, बायकोचा चेहरा पाहिला आणि हळूच पुन्हा आत गेला.

"अण्णा, ते अत्तर नाही."

"मग?"

"ब्रँडी आहे."

बुवांनी फायाकडे पाहिलं. मनगटाकडे पाहिलं. देव्हाऱ्याकडे पाहिलं. "मी दारू कानात घालून पुरुषसूक्त म्हटलं?"

"हो."

"सोळाही ऋचा?"

मग तीन वर्षं साठलेलं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. पत्रातला शब्द, पेढी, ग्लास, मादाम, ओली लाकडं, व्हिटलॉक, न पोहणारा जीवरक्षक. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती थांबली नाही. बुवा भिंतीला टेकून ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"प्यायलीस?"

"तुळशीची शपथ, थेंब नाही."

"मग रडतेस कशाला, वेडे? सोनार दागिना पारखतो, तो काय अंगावर घालून हिंडतो?" आणि एकदम त्यांना हसू फुटलं, पोट धरून हसायला लागले. "अगं, दत्त महाराज म्हणाले असतील, रामभाऊ, आज पूजा जरा रंगात आली तुझी!"

आतून प्रसन्नचं हसणं ऐकू आलं. "जावईबापू, तुम्हीही यातले," बुवा ओरडले. "बाहेर या!"

हसणं ओसरल्यावर बुवा गंभीर झाले. "माझी एक गोष्ट चुकली. न विचारता गावभर सांगत सुटलो, ते माझं मी निस्तरीन. पण तुझी एक गोष्ट चुकतेय. तू त्या साहेबाला सांगायला गेलीस. पारख कधी सांगून पटते का? मी तुझे डोळे झाकायचो की नाही? त्याला म्हण, झाक."

गुरुवारी सकाळी पद्मिनी व्हिटलॉकांसमोर उभी राहिली ती वेगळीच.

"सर, तुम्हाला हवे तेवढे ग्लास मांडा. हवं ते ओता. मी खोलीत नसेन. संध्याकाळी ओतून टाका, खोलीला कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडे. उद्या सकाळी मी डोळे बांधून रिकामे ग्लास हुंगीन. एकोणचाळीसची जर पोरसवदा असेल तर तिचा वास उडालेला असेल, आणि तुम्ही बरोबर."

"आणि चुकलात तर?"

"तर मी या टेबलाबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही. फक्त ग्लास धुवीन."

"आणि बरोबर आलात तर?"

"तर मादामच्या सहाही बाटल्या. आणि पाचवी खुर्ची."

व्हिटलॉकनी चष्मा सारखा करून तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत ही बाई त्यांना प्रथमच दिसत होती. "आठ वाजता," ते म्हणाले.

शुक्रवारी बुवा हट्टाने बरोबर निघाले. धोतर, लांब काळा कोट, उपरणं, डोक्यावर पगडी, खांद्याच्या पिशवीत चिपळ्या. प्रसन्नने रजा काढली, गाडी काढली. पेढीच्या बाहेरच्या खोलीत मादाम आधीच येऊन बसल्या होत्या, पायाशी बॅग. बुवांनी नमस्कार केला, बाईंनी मान लववली. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं. पण आतलं दार बंद झाल्यावर वाट पाहणं सोसवेना, तेव्हा बुवांनी बाईंना प्रल्हादाचं आख्यान सांगायला सुरुवात केली, मराठीत, हातवाऱ्यांसकट. प्रसन्न नंतर शपथेवर सांगायचा, की खांब दुभंगला तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या होत्या.

आत टेबलावर पाच ग्लास होते. बाकीचे तीन परीक्षक ओळीने उभे. व्हिटलॉकनी स्वतःच्या रुमालाने पद्मिनीचे डोळे बांधले. अंधार झाला आणि तिला त्या अंधारात वडिलांचा तळवा आठवला.

पहिला ग्लास. "ही तरुण आहे. काल दुपारी फळासारखी गोड असेल. आता जवळजवळ काही नाही. पाच-सहा वर्षं."

पेन्सिलीचा आवाज आला.

दुसरा ग्लास. नाक नुसतं जवळ नेलं आणि ती हसली. "ही एकोणचाळीस."

तिसरा. इथे ती थांबली. पुन्हा हुंगलं. मोठा, जाड, गोड वास होता. काकवी. आत पाहावं तर दरवाजाच्या मागे घरच नाही. "यात जळलेली साखर आहे. लाकूड आहे, पण मुरलेलं नाही, भुसा उकळून काढा घातल्यासारखं. रंग गडद असणार. खाली वर्षं नाहीत. पहिल्या ग्लासापेक्षा फार मोठी नाही ही."

कुणीतरी खोकलं. व्हिटलॉक म्हणाले, "तुम्हाला खात्री आहे?" त्यांचा आवाज बदलला होता.

तिला खात्री होती, पण त्या आवाजाने ती क्षणभर हलली. हाच ग्लास चुकला तर? परत डोळ्यांवरचा तळवा. सांग, पमे. कशावरून? "काहीच राहिलं नाही, सर. म्हणून."

चौथा ग्लास. "यात काही ओतलंच नव्हतं. पाणी. आणि हा ग्लास नव्या फडक्याने पुसलाय, खळीचा वास येतोय."

एक परीक्षक फिसकन हसला.

पाचवा. वास अगदी बारीक, लांबून ऐकू येणाऱ्या टाळासारखा. तिने श्वास रोखला, सोडला, पुन्हा हळू घेतला. तूप. अक्रोड. बकुळ. आणि तळाशी धूर. बुवांनी परवा म्हटला तो धूर! "ही परत एकोणचाळीस. दुसऱ्या ग्लासातलीच. पण यात कमी ओतलीत तुम्ही."

"अर्धी," व्हिटलॉक म्हणाले.

तिने रुमाल सोडला. टेबलापलीकडे व्हिटलॉक तिसरा ग्लास हातात घेऊन बसले होते. तो त्यांच्या स्वतःच्या कपाटातल्या बाटलीतला होता, अठ्ठावीस सालचा म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः निवडलेला, गडद, मधासारखा. जुनी ब्रँडी कशी असते हे दाखवायला ते पाहुण्यांपुढे तीच बाटली ठेवत. त्यांनी तिसरा ग्लास हुंगला. मग दुसरा. मग पुन्हा तिसरा. तीस वर्षं ताजं ओतलेलंच हुंगलेलं ते नाक पहिल्यांदा रिकाम्या ग्लासात शिरत होतं.

मग ते उठले. टेबलाला वळसा घालून गेले, पाचवी खुर्ची दोन्ही हातांनी मागे ओढली आणि उभे राहिले.

"मिसेस साठे," ते म्हणाले, "बसा. तुम्ही मला आज दोनदा वाचवलंत."

पद्मिनी बसली. फक्त एका मिनिटासाठी. मग उठून तिने बाहेरचं दार उघडलं. मादाम आणि बुवा दोघेही उभेच होते. तिला इंग्रजीत सांगायचं होतं, पण तोंडून मराठीच आलं. "अण्णा, सगळे पाचही!"

बुवांचा हात पिशवीत गेला, चिपळ्या निघाल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या पाचव्या मजल्यावर, टाइपरायटर आणि टेलिफोन दणाणून जातील असा 'श्रीगुरुदेव दत्त!' झाला. मादामनी पद्मिनीला मिठी मारली ती सोडेचनात. आतून व्हिटलॉक आले, मान खाली घालून माफी मागितली आणि म्हणाले, सहाही सालांचा माल घेतो, आणि एकोणचाळीसच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत, पद्मिनीने सांगितलेल्या त्या पाच बायकांची नावं छापतो. बाईंनी नावं एकेक करून सांगितली. आजीचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं.

ग्लास भरले गेले. मादामनी एक भरलेला ग्लास अदबीने बुवांपुढे धरला. पद्मिनी मध्ये पडणार एवढ्यात बुवांनी हात जोडले.

"पमे, बाईंना सांग, भरलेला आम्हाला चालत नाही. तो रिकामा आहे ना, कालचा, तो द्या. निर्माल्य आहे ते."

पद्मिनीने दुसऱ्या क्रमांकाचा ग्लास आणला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिने आपला तळवा बापाच्या डोळ्यांवर ठेवला आणि ग्लास त्यांच्या नाकाशी धरला.

"सांगा, अण्णा."

बुवांनी भरून श्वास घेतला. "बकुळ," ते म्हणाले. "आणि ओली लाकडं."

तिने इंग्रजी केलं. मादाम खाली बसल्या आणि आधी रडल्या, मग मोठ्याने हसल्या.

त्या रविवारी शाळेच्या कॅफेटेरियात पुन्हा कीर्तन झालं. बुवा गादीवर उभे राहिले आणि नमन व्हायच्याही आधी म्हणाले, "मंडळी, मागल्या वेळी मी इथे उभा राहून चुकीचं बोललो. माझी मुलगी अत्तर पारखत नाही. ती दारू पारखते, जगातली उत्तम, आणि ती न पिता! आता बोला." कॅफेटेरियात हशा आणि टाळ्या एकदमच उसळल्या. शेवटच्या रांगेत बूट काढून मांडी घालायची खटपट करणारा एक उंच गोरा माणूस ठेका चुकवत टाळ्या वाजवत होता. त्याच्या पेढीत आता चाखणी झाली की ग्लास उलटे करायला बंदी आहे. सकाळी आठला पाचव्या खुर्चीवरची बाई येते. तोवर धुवायचे नाहीत.